एकट्याची भटकंती आणि तिची पुस्तके

मनुष्यवस्तीपासून दूर, डोंगर, रान, वाळवंट, बर्फ किंवा समुद्र यांतून एका माणसाने सोबतीशिवाय केलेला अनेक दिवसांचा प्रवास म्हणजे एकट्याची भटकंती. वाट काढणे, ओझे वाहणे, रांधणे, दुखलेखुपले निस्तरणे आणि माघारी कधी फिरायचे ते ठरवणे, हे सगळे एकाच डोक्यावर असते. अशा प्रवासाला साक्षीदार नसतो. परतल्यावर लिहिलेले पुस्तक हाच बहुधा मुख्य पुरावा उरतो, त्यामुळे ते पुस्तक खरे किती आणि रंगवलेले किती यावर भांडणारा वाचकही या विषयाचाच भाग मानावा लागतो. पुण्यात हा वाचक जोमाने आढळतो. वाचनालयांची जुनी परंपरा (पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ची) आणि तास-दीड तासावर सह्याद्री, असा योग इथे जुळून आला आहे. शनिवारी ध्रुवप्रदेशातले पुस्तक वाचून रविवारी पहाटे सिंहगड चढणारा माणूस लेखकाचे आकडे स्वतःच्या पायांनी तपासतो.

निकष

समुद्रावरचे निकष सर्वांत स्पष्ट आहेत, कारण बोटीत दुसरा माणूस आहे की नाही यात संदिग्धता नसते. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या शिडाच्या बोटीतून बंदरोबंदरी थांबत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. एकट्याने केलेली ती पहिली प्रदक्षिणा मानतात. कुठेही न थांबता ती पहिल्यांदा पूर्ण केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. १४ जून १९६८ला निघून २२ एप्रिल १९६९ला, म्हणजे ३१२ दिवसांनी तो परतला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती, ही गोष्ट मराठी वाचक आवर्जून सांगतात. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून चार थांबे घेऊन आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवरून विनाथांबा प्रदक्षिणा केली. या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. त्यांची सरमिसळ करून ‘कोण मोठा’ असा वाद घालणे निरर्थक आहे.

जमिनीवर निकष लगेच धूसर होतात. रॉबिन डेव्हिडसन १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून सुमारे २,७०० किमी चालली. मात्र प्रवासाला मासिकाचे पैसे होते आणि त्या मासिकाचा छायाचित्रकार अधूनमधून येऊन भेटत होता. तिने हे पुस्तकात लपवलेले नाही, त्यामुळे वाचकांनी तिला फारसे धारेवर धरले नाही. कॉलिन ओब्रेडीच्या वाट्याला मात्र जोरदार टीका आली. २०१८ मध्ये ५४ दिवसांत अंटार्क्टिका एकट्याने, विनामदत ओलांडल्याचा त्याचा दावा होता. त्याच्या मार्गाच्या उत्तरार्धात संशोधन केंद्राला इंधन पोचवणाऱ्या ट्रॅक्टरांनी सपाट केलेली आणि झेंडे रोवलेली वाट होती, हा पहिला आक्षेप. दुसरा असा की किनाऱ्यालगतचे तरंगते हिमपट्टे त्याने मोजणीत धरलेच नव्हते. बोर्गे ओस्लंड १९९६-९७ मध्ये हे पट्टे धरून सुमारे २,८०० किमी गेला होता, पण त्याने पतंगाच्या शिडाचा आधार घेतला होता. म्हणजे एकाला वाऱ्याची मदत, दुसऱ्याला रस्त्याची. दोघेही एकटे होते यावर वाद नाही. वाद आहे तो ‘विनामदत’ या दाव्यावर.

आपल्याकडे हाच प्रश्न नर्मदा परिक्रमेबाबत येतो. परिक्रमावासी बरेचदा एकटाच चालतो, पण सदावर्त आणि गावोगावचा आसरा हा परिक्रमेचा पायाच आहे. तिला एकट्याची यात्रा म्हणता येईल. रानातली एकट्याची मोहीम म्हणणे ओढूनताणून होईल, आणि परिक्रमावासींनाही तो मान नको असतो.

हिशेबाने वाचणे

पुस्तकातल्या दाव्याची पहिली चाचणी वेगाची. १८९२ मध्ये स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ याने दिलेला ठोकताळा आजही चालतो: सपाटीवर तासाला ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. सिंहगडाची अतकरवाडीची वाट अडीच-तीन किमी आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे हिशेबाने दीड तास. रोजचे सिंहगडकरी हातात फक्त बाटली घेऊन तासाच्या आत वर पोचतात, तर पंधरा किलोची सॅक घेतलेल्याला दोन तास लागतात. हा फरक ज्याने अनुभवला आहे त्याला, ‘पाठीवर २५ किलो, रोज ३५ किमी, रोज हजार मीटर चढ, असे सलग वीस दिवस’ हे वाक्य खटकल्याशिवाय राहत नाही. नेस्मिथच्या हिशेबानेच ते विश्रांती सोडून पावणेनऊ तास होतात, आणि तो ठोकताळा जड ओझे धरतच नाही. एखादा दिवस ते जमेल. वीस दिवस जमले असेल तर वाटेत कोणीतरी सामान पोचवत होते का, ते पुस्तकात शोधावे.

दुसरी चाचणी शिध्याची. दिवसभर ओझे घेऊन चालणाऱ्याला ३,००० ते ३,५०० कॅलरी लागतात. कोरड्या अन्नातून ग्रॅममागे साधारण चार कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाला ७५० ते ९०० ग्रॅम. शेंगदाणे या बाबतीत सरस आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाणे आणि शंभर ग्रॅम गूळ मिळून साडेनऊशेच्या आसपास कॅलरी होतात, चूल पेटवावी लागत नाही आणि ते विटतही नाहीत. दशम्या दोन-तीन दिवस टिकतात, साध्या पोळ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वास येतो. या दराने वीस दिवसांचा शिधाच १५ ते १८ किलो भरतो. त्यात तंबू, कपडे, स्टोव्ह आणि इंधन मिळवले की ओझे कुठे जाते ते कळते. ज्या लेखकाने महिनाभराचा प्रवास लिहिला पण शिधा कुठून भरला ते लिहिले नाही, त्याचे पुस्तक अर्धवट समजावे.

पाण्याला तर सुकवून हलके करण्याची सोयच नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या उघड्या धारेवर दिवसाला चार-पाच लिटर लागते, आणि एकट्याच्या भटकंतीची लांबी इथे शिध्यापेक्षा पाण्यानेच ठरते.

पुणे परिसरातील भटकंती

कात्रज-सिंहगड ही पुण्यातली बहुतेकांची पहिली रात्रीची चाल. जुन्या कात्रज बोगद्याजवळून चढायचे आणि तेरा टेकड्या पार करून सिंहगडाच्या रस्त्याला लागायचे. वाटेत पाणी नाही. पुण्याचे दिवे उजव्या हाताला, शिवापूरच्या खोऱ्यातले डाव्या हाताला आणि सिंहगडाचा मनोरा समोर, एवढे भान असले तर मोठी चूक होत नाही. छोट्या चुका मात्र होतातच. टेकडीच्या माथ्यावरून मुख्य धार सोडून एखादी सोंड सरळ खाली जाते, ढोरवाट तिकडेच मळलेली असते, आणि पंधरा मिनिटे उतरल्यावर लक्षात येते. चारजणांत कोणीतरी ‘दिवे कुठे गेले?’ असे विचारते. एकट्याला तो प्रश्न स्वतःलाच विचारण्याची सवय लावावी लागते. प्रत्येक माथ्यावर थांबून पुढची धार टॉर्चशिवाय, नुसत्या डोळ्यांनी बघणे हा त्यावरचा साधा उपाय. टॉर्च लावला की दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही.

तोरणा-राजगड ही जोडचाल याच्या पुढची. तोरण्याच्या बुधला माचीकडून उतरून धारेने राजगडाच्या संजीवनी माचीकडे जायचे, दोन्ही गडांवर पाण्याची सोय. खरा कस लागतो तो कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांत. केळदहून उतरणारा मढेघाट मळलेला आहे. लिंगाण्याशेजारची बोराट्याची नाळ मात्र एकट्याने पहिल्यांदा जाण्याची जागा नव्हे: घसाऱ्याची उभी घळ, वरून सुटणारे दगड आणि शेवटी कड्याला चिकटून आडवी मारायची अरुंद वाट.

इथे परदेशी पुस्तकांतला एक सल्ला जिवावर बेततो. ‘वाट चुकलात तर ओढा धरून खाली जा, वस्ती लागेल’ हे तिकडच्या मैदानी जंगलात खरे असेल. सह्याद्री हा लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा डोंगर आहे. टणक थराच्या कडेला कडा, मऊ थरावर उतार, पुन्हा कडा. ओढा या पायऱ्यांवरून उड्या मारत जातो. त्याच्या पात्रातून उतरणारा माणूस एक कोरडा धबधबा घसरत उतरतो, दुसरा उतरतो, तिसऱ्याला खाली पन्नास फूट हवा असते आणि मागचे दोन परत चढता येत नाहीत. शिवाय घळीत फोनला रेंज नसते. सह्याद्रीत चुकल्यावर खाली जायचेच नाही. शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे, नाहीतर वर धारेवर जायचे. तिथे रेंजही मिळते आणि शोधणाऱ्यांना माणूसही दिसतो.

पावसाळ्यातला ओढा ही दुसरी अडचण. गुडघ्यापर्यंतचे वेगवान पाणी एकट्याने ओलांडू नये. ओलांडणे भागच असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा, तोंड प्रवाहाकडे ठेवावे, काठी पुढे रोवावी आणि एका वेळी एकच पाय हलवावा. सह्याद्रीतल्या ओढ्यांचे पाणलोट आखूड असते, पाऊस थांबला की काही तासांत पाणी उतरते. थांबणे हाच इथे उत्तम मार्ग, आणि म्हणून पावसाळ्यात एका दिवसाचा जादा शिधा हवाच.

आग्या मोहोळ कपारींत असते. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. माश्या उठल्या तर चेहरा झाकून पळावे आणि काटे लगेच नखाने खरवडून काढावेत. एकट्याला पाठीवरचे काढता येत नाहीत. कोकणाच्या बाजूला दगडांखाली फुरसे असते. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. तो अवयव न हलवता शक्य तितक्या लवकर प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात पोचायचे. पोचवायला दुसरा माणूस लागतो, हे एकट्याने निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

म्हणून घरी ठेवायचा निरोप हे सामानातले सर्वांत महत्त्वाचे. ‘राजगडला जातोय’ हा निरोप नव्हे. कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने, मुक्काम कुठे, उतरणार कुठे, बेत बदलला तर दुसरी वाट कोणती, हे कागदावर हवे. खाली दोन वेळा लिहायच्या: परतण्याची अपेक्षित वेळ, आणि जिच्यानंतर शोध सुरू करायचा ती वेळ. दुसरी वेळ नसेल तर घरचे एकतर दोन तासांत घाबरतात, नाहीतर दोन दिवस वाट बघतात. पायथ्याच्या शेवटच्या घरात सांगून जाण्याची रीतही पाळावी. शोधपथक आधी तिथेच चौकशी करते. अमेरिकेत यूटामध्ये २००३ साली आरन राल्स्टनचा हात खडकाखाली अडकला, तेव्हा तो कुठे गेला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाच दिवसांनी हात कापून त्याला सुटावे लागले.

गाजलेले वाद

सर्वाधिक भांडण झाले ते क्रिस्टोफर मॅकँडलेसवर. एप्रिल १९९२ मध्ये तो सुमारे साडेचार किलो तांदूळ आणि एक हलकी रायफल घेऊन अलास्कात शिरला, एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये मेला. जॉन क्राकौरच्या १९९६च्या पुस्तकाने त्याला घराघरांत नेले. कोणत्या बियांतल्या विषाने तो मेला यावर क्राकौरनेच पुढच्या काळात अनेकदा मत बदलले. बियांची चर्चा मनोरंजक आहे, पण ती मुद्दा चुकवते. मृतदेहाचे वजन तीस किलोच्या आसपास होते. उपासमार आधीच झालेली होती. शिवाय जुलैत तो परत निघाला होता आणि वसंतात सहज ओलांडलेली नदी फुगलेली पाहून मागे फिरला. अर्ध्या मैलाच्या आतच नदीवर हाताने ओढायचा पाळणा होता, पण त्याच्याजवळ तपशीलवार नकाशा नव्हता. ‘जाताना पार केलेले पाणी येताना पार होईलच असे नाही’ हे मुळशी-वेल्ह्याच्या भटक्याला वेगळे सांगावे लागत नाही. ती बस यात्रेकरूंच्या अपघातांमुळे २०२०च्या जूनमध्ये हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली.

डोनल्ड क्रोहर्स्टचे प्रकरण नेमके उलटे. नॉक्स-जॉन्स्टनने जिंकलेल्या, एकट्याने विनाथांबा प्रदक्षिणा करण्याच्या १९६८च्या शर्यतीत तो अटलांटिकातच घोटाळत राहिला आणि जगप्रदक्षिणेची खोटी नोंद लिहीत गेला. जुलै १९६९ मध्ये रिकामी बोट सापडली, तिच्यात खऱ्या-खोट्या अशा दोन्ही नोंदी होत्या. रोज सूर्यावरून काढलेले स्थान खोटे रचायचे म्हणजे आकडेमोड उलटी करावी लागते, खऱ्यापेक्षा ते कठीण. एकट्याच्या प्रवासाची कच्ची वही छापील पुस्तकापेक्षा का मोलाची, ते यावरून दिसते.

मराठीत असा वही-पुस्तकाचा ताळा घालता येतो तो विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’बाबत. गोडसे आपल्या काकांबरोबर निघाले होते, त्यामुळे हा एकट्याचा प्रवास नव्हे, पण वाचनाची शिस्त शिकायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही. १८५७च्या धामधुमीतला हा वृत्तांत त्यांनी वीसहून अधिक वर्षांनी आठवणीतून लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये छापला तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ मोडी हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. बाजारात दोन्ही परंपरांच्या आवृत्त्या मिळतात आणि मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. अप्पा बळवंत चौकात विकत घेताना किंवा वाचनालयातून आणताना संपादकाचे नाव पाहून घ्यावे.