पिवळं पान आणि चार घाव

गेल्या एप्रिलमध्ये मामेभावाकडे गेलो, तर गच्चीवर जुनी साडी अंथरून त्याने मामांची पुस्तकं उन्हात मांडली होती. त्यांत मधोमध, पोट उघडं टाकून पडलेला होता ‘ईगल’चा १९५०च्या दशकातला ॲन्युअल. मामांनी तो मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतला होता, आणि माझं विज्ञानकथांचं वेड सुरू झालं ते त्याच्याच पानांवरून. मी आधी तो उचलून सावलीत नेला आणि मग भावाशी बोललो.

‘‘अरे, ऊन दाखवलं नाही तर कसर लागेल,’’ तो म्हणाला. आपल्याकडे घरोघरी हेच सांगतात. कोरड्या, तापलेल्या जागेतून कसर पळते हे खरंच आहे. पण त्या उन्हाची किंमत कागद मोजतो.

हे ॲन्युअल काय असतात ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे दिवाळी अंक, तसे ब्रिटनमध्ये नाताळला मुलांना भेट द्यायचे हे जाड पुठ्ठ्याचे वार्षिक अंक. बाजारात येतात शरद ऋतूत, आणि मुखपृष्ठावर बहुतेकदा पुढच्या वर्षाचा आकडा असतो. ‘ईगल’ हे मुलांचं चित्रकथांचं साप्ताहिक १४ एप्रिल १९५० रोजी सुरू झालं. त्याचा नायक डॅन डेअर, चित्रकार फ्रँक हॅम्पसन. पहिल्याच कथेत पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा आहे आणि डॅन अन्नाच्या शोधात शुक्राकडे निघतो. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होतं, ते पूर्ण उठलं १९५४ साली. त्या मुलांना ही कथा किती जवळची वाटली असेल! पुढे ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा टीव्ही मालिकेचे ॲन्युअल १९६५पासून आले, ‘२०००एडी’ या चित्रकथा साप्ताहिकाचे १९७७पासून. मी तिन्ही जमवतो, पण जीव ‘ईगल’वर.

या अंकांनी भविष्य अचूक सांगितलं होतं, असं हल्ली फार ऐकू येतं. डॅन डेअरच्या शुक्रावर राहण्याजोगी हवा आहे, शेती आहे, हिरव्या कातडीचे ट्रीन आहेत. खरा शुक्र १९६२मध्ये ‘मरिनर २’ या अमेरिकी यानाने जवळून पाहिला, आणि १९७०मध्ये ‘व्हेनेरा ७’ हे सोव्हिएत यान त्याच्या पृष्ठभागावर उतरून तापमान कळवू शकलं: सुमारे ४७५ अंश सेल्सियस. शिसंसुद्धा वितळेल अशी भट्टी. हॅम्पसनने १९५०मध्ये जे माहीत होतं त्यावर मनापासून कल्पना रचली. त्याला भविष्यवेत्ता ठरवणं म्हणजे त्याच्या चित्रकलेवर अन्याय आहे.

आता कागदाकडे येतो. मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते इथेच.

लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. सेल्युलोज म्हणजे धागे, आणि लिग्निन म्हणजे ते धागे घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ. स्वस्त कागदाचा लगदा लाकूड नुसतं दळून करतात. ही युक्ती जर्मनीतल्या केलरने १८४४च्या सुमारास काढली. त्यात लिग्निन जवळजवळ सगळं तसंच राहतं, म्हणजे वजनाचा पाव हिस्सा किंवा किंचित जास्त. प्रकाश पडला, विशेषतः उन्हातले अतिनील किरण, की लिग्निनमधल्या फिनॉल गटांचं ऑक्सिजनशी लग्न लागतं आणि क्विनोनसारखे रेणू तयार होतात. ते निळा प्रकाश शोषतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की आपल्याला पिवळं दिसतं. झालं एवढंच. पिवळेपणा धूळ नाही, मळ नाही, पुसून जाणारा तर नाहीच.

पण पिवळं पान निदान वाचता येतं. खरा घात तुकडे पडण्यात आहे, आणि तो करते आम्लता.

शाई फुटू नये म्हणून कागदाला पूर्वी राळ आणि तुरटी लावत. कागद कारखान्यातली तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, आपल्या घरातल्या तुरटीची सख्खी बहीण. तिचा ॲल्युमिनियम आयन ओलाव्यातल्या पाण्याच्या रेणूंना असा धरतो की त्यांतून हायड्रोजन आयन, म्हणजेच आम्ल, सुटतं. सेल्युलोज ही ग्लुकोजची माळ आहे आणि दोन मण्यांमध्ये ऑक्सिजनचा एक दुवा असतो. हायड्रोजन आयन त्या दुव्यावर जाऊन बसतो, दुवा तुटतो, पाण्याचा एक रेणू फुटून दोन्ही टोकांना चिकटतो, आणि हायड्रोजन आयन पुन्हा मोकळा! तो खर्ची पडतच नाही. जातो पुढच्या दुव्याकडे.

आता हिशेब करा. समजा माळेत १००० मणी आहेत. माळ साधारण २०० मण्यांवर आली की कागद ठिसूळ होतो. १०००चे २००-२००चे तुकडे करायला किती घाव लागतात? चार. ९९९ दुव्यांपैकी फक्त चार तुटले की काम तमाम! कागदाचं वजन घटत नाही, अक्षरं जागच्या जागी असतात, आणि कोपरा दुमडलात की पापडासारखा हातात येतो. माझ्या एका ॲन्युअलचं शेवटचं पान असंच गेलं. टक् असा बारीक आवाज झाला होता, तो अजून कानात आहे.

याहून वाईट म्हणजे तुटण्यातूनच फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ल तयार होतं, आणि ते पुढचे दुवे तोडायला मदत करतं. उतारावरून गाडी सुटावी तसं. जुन्या पुस्तकाचा वास आपल्याला आवडतो ना, त्यात हे ॲसेटिक आम्ल असतं, लिग्निनमधून आलेलं व्हॅनिलिन असतं, सेल्युलोजमधून आलेलं फरफ्युरल असतं. २००९मध्ये लंडनच्या मतिया स्त्रलिच यांच्या गटाने या वासावरूनच कागदाची प्रकृती ओळखण्याची पद्धत मांडली. जुन्या पुस्तकांच्या वासाने मन शुद्ध होतं वगैरे मजकूर फिरत असतो. तो वास कागदाच्या झिजेचा आहे.

या क्रियेला पाणी लागतं आणि उष्णतेने ती वेग घेते. म्हणून मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आमच्या प्रती भराभर झिजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं तर सुटलेलं आम्ल आतच कोंडतं. लॅमिनेशन तर कधीच करू नका, चिकटपट्टीही नको. सावलीतलं कपाट, भिंतीपासून चार बोटं अंतर, उभी ठेवलेली पुस्तकं, आणि चकाकत्या रंगीत पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद. कसर दिसली तर कपाट झाडायचं, पुस्तकं काढून वारा द्यायचा, पण पंख्याखाली.

भावाला हे सगळं सांगत आम्ही ॲन्युअल चाळत होतो. अवकाशयानाच्या रंगीत चित्रावर पोस्टकार्डाएवढा तपकिरी चौकोन उमटलेला दिसला, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. मामांनी तिथे वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं होतं, क्रिकेटचा धावफलक. त्या स्वस्त कागदातलं आम्ल इतकी वर्षं शेजारच्या पानात उतरत राहिलं होतं. कात्रण आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवलं. चौकोन मात्र जाणार नाही.