युद्धाच्या उंबरठ्यावरील सीमाबदल व युतीबदल (युरोप, १९३८–३९)

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले असे मानतात. पण त्याआधीच्या दीड वर्षात ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया ही राज्ये नकाशावरून पुसली गेली होती, अल्बेनिया इटलीच्या ताब्यात गेला होता आणि लिथुएनियाचे मेमेल बंदर जर्मनीकडे आले होते. मोठी लढाई यांपैकी कुठेही झाली नव्हती. निर्वाणीचे खलिते, लवाद आणि मध्यरात्रीच्या सह्या एवढ्यावर काम भागले. सीमा आणि युती यांचा अभ्यास सहसा वेगवेगळा होतो. या दीड वर्षात मात्र त्यांना वेगळे काढता येत नाही. सीमा सरकली की जुन्या युतीतले कलम तेच राहते, पण ते पाळण्याची वाट बंद होते.

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. त्यानंतर घेतलेल्या सार्वमतात ९९ टक्क्यांहून अधिक कौल विलीनीकरणाच्या बाजूने दाखवला गेला. खरा फटका शेजारच्या चेकोस्लोव्हाकियाला बसला. त्याची मुख्य तटबंदी जुन्या जर्मन सीमेवर होती. ऑस्ट्रियाची बाजू त्या मानाने उघडी होती. आता देशाचा पश्चिम भाग तिन्ही बाजूंनी जर्मनीच्या कवेत आला.

चेकोस्लोव्हाकियाकडे कागदावर मित्रांची वाण नव्हती. फ्रान्सशी १९२४ पासून मैत्रीचा तह होता. १९३५ मध्ये सोव्हिएत संघाशीही करार झाला, पण फ्रान्स आधी मदतीला आला तरच सोव्हिएत मदत बंधनकारक, अशी त्यात अट होती. शिवाय दोन्ही देशांची हद्द कुठेही एकमेकांना लागत नव्हती. मध्ये पोलंड आणि रुमानिया होते. रुमानिया व युगोस्लाव्हियाशी असलेली ‘छोटी युती’ मुळात हंगेरीला रोखण्यासाठी होती, जर्मनीला नव्हे. त्यामुळे फ्रान्सने माघार घेताच सगळी साखळी सुटली. म्यूनिकमध्ये २९ सप्टेंबर १९३८ रोजी हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलिन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए बसले. सह्या मध्यरात्र उलटल्यावर झाल्या. ज्यांचा देश कापला जात होता त्या चेक प्रतिनिधींना बैठकीत जागा नव्हती. ते हॉटेलात निकालाची वाट पाहत होते. सीमेलगतचा जर्मनभाषक वस्तीचा सुडेटन प्रदेश जर्मनीला दिला गेला. त्याबरोबर तटबंदीही गेली, आणि फ्रान्सने उद्या मन बदलले असते तरी उपयोग उरला नव्हता.

यानंतरचा प्रकार मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा होता. पोलंडने लगेच खलिता धाडून २ ऑक्टोबरला चेकोस्लोव्हाकियाच्या तेशेन भागात सैन्य घातले. तिथली पोलिश वस्ती हे कारण सांगितले गेले, पण कोळसा आणि महत्त्वाचा रेल्वेमार्गही तिथेच होता. २ नोव्हेंबरला व्हिएन्नात जर्मनी व इटली यांनी लवाद म्हणून बसून दक्षिण स्लोव्हाकिया आणि त्याच्या पूर्वेकडील रुथेनिया यांचा मिळून सुमारे १२,००० चौरस किलोमीटरचा पट्टा हंगेरीला दिला. उद्याचे बळी आज वाटेकरी होते.

१४ मार्च १९३९ रोजी स्लोव्हाकियाने स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. अर्थात जर्मनीच्या सांगण्यावरून. त्याच रात्री बर्लिनमध्ये बोलावून घेतलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या वृद्ध राष्ट्राध्यक्ष हाखा यांच्याकडून पहाटे शरणपत्रावर सही घेण्यात आली. धमक्यांच्या भरात ते मूर्च्छित झाले होते. १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये होते. पोलंडच्या दक्षिणेला आता जर्मनीचे अंकित राज्य उभे राहिले.

३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला स्वातंत्र्याच्या रक्षणाची हमी दिली. ही हमी बाणेदार होती, पण पोलंडपर्यंत फौज पोहोचवण्याची वाट ब्रिटनकडे नव्हती. तिचा सर्वांत मोठा लाभ स्टालिनला झाला असे म्हणावे लागते. जर्मनी पोलंडवर गेला तर पश्चिमेकडे युद्ध पेटणार हे ठरल्यावर सोव्हिएत संघाला दोन्ही बाजूंकडून भाव मागता आला. सोव्हिएत संघाशी युतीची बोलणी करायला ब्रिटन-फ्रान्सचे लष्करी शिष्टमंडळ विमानाने नव्हे, संथ जहाजाने निघाले आणि ११ ऑगस्टला मॉस्कोत पोहोचले. ब्रिटिश ॲडमिरल ड्रॅक्स यांच्याकडे वाटाघाटींचे लेखी अधिकारपत्रही नव्हते. १४ ऑगस्टला सोव्हिएत संरक्षणप्रमुख व्होरोशिलॉव्ह यांनी थेट विचारले: जर्मनीशी लढायला लाल सेना पोलंडमधून जाऊ शकेल काय? पोलंडने ते कधीच मान्य केले नसते, आणि त्याची भीती अनाठायी नव्हती. बोलणी तिथेच अडली.

जर्मनीला अशी कोणाची परवानगी आणून देण्याची गरज नव्हती. २३ ऑगस्टच्या जर्मन-सोव्हिएत अनाक्रमण कराराच्या गुप्त पुरवणीत नारेव्ह, व्हिस्चुला आणि सान या नद्यांवरून पोलंडची वाटणी झाली. घाई इतकी की रेषेच्या उत्तर टोकाची पिसा नदी राहून गेली. ती २८ ऑगस्टला वेगळ्या दुरुस्तीने घालावी लागली. सोव्हिएत संघाने या पुरवणीचे अस्तित्व १९८९ मध्ये मान्य केले.

कराराने इतर युत्याही हलल्या. सोव्हिएतविरोधी करारात जर्मनीचा भागीदार असलेला जपान त्याच सुमारास मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल येथे सोव्हिएत सैन्याशी लढत होता. टोकियोतले हिरानुमा मंत्रिमंडळ २८ ऑगस्टला पायउतार झाले. मे महिन्यात जर्मनीशी ‘पोलादी करार’ हा लष्करी युतीचा तह करणाऱ्या मुसोलिनीने २५ ऑगस्टला कळवले की इटलीची तयारी नाही. त्याच दिवशी ब्रिटन-पोलंड तहावर सह्या झाल्या. हिटलरने पोलंडवरचा २६ तारखेच्या पहाटेचा हल्ला आयत्या वेळी थांबवला.

तो निरोप एका जर्मन तुकडीला मिळाला नाही. स्लोव्हाकियातून सीमा ओलांडून तिने २६ ऑगस्टच्या पहाटे याब्लुंकोव्ह खिंडीजवळचे मोस्टी स्थानक काबीज केले. तिथला रेल्वे बोगदा शाबूत मिळवणे हा हेतू होता. हल्ला रद्द झाल्याचे कळल्यावर ती माघारी गेली. ही खिंड पोलंडने अकरा महिन्यांपूर्वी चेकोस्लोव्हाकियाकडून घेतलेल्या तेशेन भागातली होती. १ सप्टेंबरला पोलिश सैन्याने तो बोगदा स्वतःच उडवून दिला.