उत्तर देणारं एआय आणि शिकवणारं एआय

२०२३ च्या शेवटी शेवटी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमधे जवळपास हजार मुलांवर एक प्रयोग झाला आणि एआय आणि शिक्षण असा विषय कुठेही निघाला की मला आधी तोच आठवतो. नववी ते अकरावीची मुलं, विषय गणित. शिक्षकांनी नेहमीसारखा धडा शिकवला आणि मग सरावाच्या वेळी तीन गट केले. एका गटाला फक्त वही-पुस्तक. दुसऱ्याला जीपीटी-४ या एआय मॉडेलवर चालणारा चॅटबॉट, म्हणजे आपण सगळे वापरतो तसा, विचाराल ते सांगणारा. तिसऱ्या गटालाही जीपीटी-४ च, पण त्याला आधीच बजावून ठेवलेलं की थेट उत्तर द्यायचं नाही, फक्त हिंट द्यायची, शिवाय प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर काय आणि मुलं त्यात हमखास कुठे चुकतात हे शिक्षकांकडून घेऊन त्याला भरवलेलं. सराव संपला की सगळ्यांची परीक्षा, आणि परीक्षेत चॅटबॉट नाही, वही नाही, पुस्तकही नाही.

सरावात काय झालं ते ऐकून कोणीही खूश होईल. साधा चॅटबॉट वापरणारी मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी पुढे, आणि हिंटवाली तर १२७ टक्क्यांनी पुढे. पण परीक्षेत साधा चॅटबॉट वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. म्हणजे एआय मिळालंच नसतं तर त्यांना जास्त आलं असतं. हिंटवाल्यांचं असं नुकसान झालं नाही, पण ती वही-पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेली नाहीत, जवळपास बरोबरीला राहिली, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

अजून एक गोष्ट, जी मला १७ टक्क्यांपेक्षाही जास्त काळजीची वाटते: मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलोय हे कळलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपला अभ्यास बाकीच्यांइतकाच झालाय. त्यांनी चॅटबॉटला काय विचारलं होतं ते तपासलं तर बहुतेक वेळा सरळ उत्तरच मागितलेलं, आणि गंमत नाही पण तो साधा चॅटबॉट त्यातली जवळपास निम्मी गणितं चुकीची सोडवत होता.

मशीन दोन्हीकडे तेच होतं. फरक फक्त त्याला कसं वागायला सांगितलं आणि शिक्षकांकडचं काय भरवलं एवढाच. म्हणून शाळेत एआय हवं का नको, अशी जी भांडणं चालतात ती मला वरवरची वाटतात. ते मुलाच्या डोक्याला काम देतंय का डोक्याचं काम काढून घेतंय, हे बघायला पाहिजे.

असं का होतं याचं उत्तर एआयच्या बरंच आधीचं आहे. २००६ मधे अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा अभ्यासला. काहींनी एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा न बघता, जेवढं आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवत होतं आणि दुसऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना.

म्हणजे गोष्ट डोक्यात जाते ती समोर दिसल्यामुळे नाही, ती डोक्यातून ओढून बाहेर काढायची धडपड केल्यामुळे. अडलं, चुकलं, पुन्हा केलं, हा जो त्रास आहे ना तोच अभ्यास आहे, त्याला वळसा घालून शिकायचा रस्ता अजून कोणाला सापडलेला नाही. रॉबर्ट बियॉर्क नावाचे शास्त्रज्ञ याला हव्याशा अडचणी म्हणतात. चॅटबॉटचं तयार, सुंदर भाषेतलं, मुद्देसूद उत्तर वाचताना ही अडचण शून्य होते, सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि समजल्यासारखं वाटणं आणि येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जवळून बघायचं तर हे घ्या. पाचवी-सहावीतली कितीतरी मुलं १/२ + १/३ याचं उत्तर २/५ लिहितात. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मी हेच गणित एका चॅटबॉटला, लहान मुलगा विचारेल तसं, विचारून बघितलं. त्याने लगेच दोन आणि तीनचा लसावि ६ काढला, ३/६ + २/६ = ५/६ असं पायरी पायरीने दाखवलं, वर शाबासकीचे दोन शब्द. एकही चूक नाही. पण मूल २/५ वर का गेलं याचा त्याने शोधच घेतला नाही, आणि उत्तर हातात पडल्यावर मुलाने तो घ्यायचं काही कारणही उरलं नाही.

चांगल्या बाई इथे काय करतात? लसाविचं नावही काढत नाहीत. त्या विचारतात, अर्धी भाकरी ताटात आहे, त्यात अजून एक तृतीयांश भाकरी वाढली, आता अर्धीपेक्षा जास्त झाली का कमी? मूल म्हणतं जास्त. मग तुझं २/५ अर्ध्यापेक्षा जास्त आहे का? मूल विचार करतं, पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमी, आणि थांबतं. आपल्या हातून काहीतरी घोळ झालाय हे त्याचं त्यालाच दिसतं. त्या थांबण्यात शिकणं होतं, आणि त्या वेळी बाई गप्प बसतात हे सगळ्यात महत्त्वाचं.

चॅटबॉट असा गप्प का बसत नाही? कारण त्याला तसं घडवलेलंच नसतं. त्याच्या आत जे भाषेचं मॉडेल असतं ते प्रचंड मजकूर वाचून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज करायला शिकतं, आणि मग माणसं त्याच्या उत्तरांची तुलना करून चांगलं-वाईट ठरवतात आणि त्यावरून त्याला आणखी वळण लावलं जातं. माणसाला साहजिकच पूर्ण, स्पष्ट, लगेच मिळालेलं उत्तर आवडतं. ऑफिसात मेल लिहिणाऱ्याला हे बरोबरच आहे, त्याला मेल हवाय. सहावीतल्या मुलाला मात्र ५/६ नकोय, ५/६ पर्यंत पोचता यायला हवंय. त्यात तो अंदाजच करत असल्यामुळे चुकीचं उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासाने देतो, आणि ज्याला विषय येत नाही त्यालाच ती चूक पकडता येत नाही.

पण त्याला हिंट द्यायला शिकवता येतं हे तुर्कस्तानात दिसलं, आणि मला खरी आशा तिथूनच वाटते.

१९८४ मधे बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने लिहिलं की एका मुलाला एक शिक्षक मिळाला तर सरासरी मूलसुद्धा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जाऊ शकतं. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा एवढा मोठा निघाला नाही, पण फायदा आहे यावर कोणाचा वाद नाही. प्रत्येकाला स्वतःचा शिक्षक द्यायचा तर एवढे शिक्षक आणायचे कुठून हा ब्लूमचा प्रश्न होता, आणि आपल्याकडे तो जास्त टोचतो कारण आपल्या वर्गात मुलं नुसती जास्त नसतात, ती एका पातळीवरही नसतात. असर २०२४ या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचता येणारी २३.४ टक्केच होती. बाकीची मुलं चौथीत जातात, पाचवीत जातात, पुस्तक पुढे सरकत राहतं.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची यावर नीट चाचणी झाली होती, २०१९ मधे तिचा शोधनिबंध आला. गरीब वस्त्यांमधल्या शाळांतली मुलं, शाळा सुटल्यावर सेंटरवर यायची, आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं की कोणाला प्रवेश मिळणार. हे चॅटबॉट नव्हतं, पण मूल कुठे आहे ते ओळखून तिथूनच सुरू करायचं, मग ते सातवीत असून तिसरीच्या वजाबाकीवर अडलेलं का असेना. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत स्पष्ट फरक पडला. त्या निबंधातलं एक वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांच्यातल्या अभ्यासात कच्च्या मुलांची त्या काळातली प्रगती जवळपास शून्य होती. ती रोज शाळेत जात होती, बाकावर बसत होती आणि त्यांच्या डोक्यावरून सगळं जात होतं. अशा मुलाला त्याच्या पातळीवर येऊन, न चिडता, न हसता, दहाव्यांदा समजावणारं काहीतरी मिळत असेल तर त्याला नाही म्हणायचा मला अधिकार वाटत नाही.

मग २०२४ मधे नायजेरियातल्या बेनिन सिटीत वर्ल्ड बँकेने सहा आठवड्यांचा कार्यक्रम केला. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर लॅबमधे मुलं एका एआय चॅटबॉटबरोबर इंग्रजी शिकायची. बरोबर शिक्षक असायचे, आज काय करायचं, चॅटबॉटला काय विचारायचं, त्याचं उत्तर खरं आहे का, हे ते मुलांकडून करून घ्यायचे. मुलांची चांगली प्रगती झाली आणि आधी मागे असलेल्या मुलींना जास्त फायदा झाला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी तर एआय मुलांना दिलंच नाही, शिकवणी घेणाऱ्यांना दिलं. मूल अडलं की आता काय विचारावं याच्या सूचना शिकवणाऱ्याच्या स्क्रीनवर यायच्या. ज्यांचं शिकवणं कमकुवत समजलं जायचं त्यांच्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला.

जिथे फायदा दिसला तिथे सगळीकडे एक तर शिक्षक शेजारी उभा होता किंवा शिक्षकाची अक्कल सॉफ्टवेअरमधे भरलेली होती. मुलाच्या हातात फोन देऊन मोकळं होणं हा प्रकार यात कुठेच नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच होतंय. असर २०२४ प्रमाणे १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेले ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांमधे स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. एआयचं शिक्षण घरच्या फोनवर सोडलं तर कोण मागे राहणार हे या दोन आकड्यांतच दिसतं.

मराठीचा हिशोबही वेगळा आहे. ही मॉडेल शब्द अख्खेच वाचतात असं नाही, मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करतात आणि खर्च त्या तुकड्यांवर ठरतो. जीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने २०२४ मधे स्वतःच एक उदाहरण छापलेलं: एकाच छोट्या मजकुराचे इंग्रजीत २७ तुकडे व्हायचे तर मराठीत ९६. नव्या पद्धतीने मराठीचे ३३ वर आले आणि इंग्रजीचे २४. म्हणजे दरी खूप कमी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तुकडे कमी झाले म्हणून मराठी चांगली झाली असं नाही, इंटरनेटवर मराठी मजकूरच कमी, त्यामुळे उत्तरात हिंदी वळणाची वाक्यं येतात, बालभारतीच्या पुस्तकात एक शब्द आणि चॅटबॉट वापरतो दुसराच, आणि आधीच अडलेलं मूल आणखी गोंधळतं.

निबंध एआयने लिहिलाय का हे ओळखणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शिक्षकांना मी हात जोडून सांगेन की त्याच्या भरवशावर कोणाला चोर ठरवू नका. २०२३ मधे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्या सॉफ्टवेअरनी एआयचे ठरवले. साधे शब्द, सरळ वाक्यं, हाच त्यांचा गुन्हा. सेमी-इंग्रजीतून आलेला आपला मुलगा नेमकं तसंच लिहितो. मुलाला समोर बसवून दोन प्रश्न विचारा, तू हे उदाहरण का घेतलंस, हा मुद्दा उलटा असता तर काय लिहिलं असतंस, पाच मिनिटांत कळतं.

घरी वापरणार असाल तर चॅटबॉटला सुरुवातीलाच हे लिहून द्या: "मी सहावीत आहे. उत्तर सांगू नकोस. आधी मी काय केलं ते विचार, मग एकच छोटा प्रश्न विचारून थांब. मी दोनदा चुकलो तरच पुढची पायरी दाखव." मूल हे पुसून सरळ उत्तर मागू शकतं, म्हणून शेजारी बसायला लागतं. मुलाचं नाव, शाळा, फोटो टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय, पण एकदा बाहेर गेलेली माहिती परत गोळा करून देणारा कायदा कुठेच नसतो.

सरकारकडून माझं मागणं साधं आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या बजेटमधे शिक्षणातल्या एआयच्या उत्कृष्टता केंद्रासाठी ५०० कोटी रुपये ठेवले. त्यातून मराठीसाठी काही होणार असेल तर ते आधी झेडपीच्या शाळांत, शाळेच्या कॉम्प्युटरवर, शाळेच्या वेळात, गुरुजी-बाईंना हाताशी धरून करा. पाचवीच्या अपूर्णांकात मुलं कुठे चुकतात याची यादी त्यांच्याकडेच आहे, ती मागून घ्या आणि त्याचे त्यांना पैसे द्या. काही शाळांत ते द्या, काहींत देऊ नका, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडच्या मुलांची कागद-पेन्सिलवर परीक्षा घेऊन निकाल लागेल तसा जाहीर करा, वाईट लागला तरी.