आधी रक्त थांबवा, धूळ नंतर पुसू: किरणोत्सर्गी जखमीच्या ड्रिलबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी,

फायर ड्रिल आणि सीपीआरचं ट्रेनिंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमच्याकडून घेतलंय. आता आम्ही अजून एक ड्रिल घेतो, अणुवीज केंद्रात किंवा किरणोत्सर्गी सोर्सच्या (किरण सोडणाऱ्या पदार्थाच्या) कामावर माणूस जखमी झाला आणि त्याच्या कपड्यांवर, जखमेत किरणोत्सर्गी धूळ असली तर ॲम्ब्युलन्सवाल्यानं आणि दवाखान्यानं काय करायचं याची. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "खान्देशात कुठंय अणुभट्टी भो?"

बरोबर आहे, नाहीये. महाराष्ट्रात अणुवीज केंद्र एकच, तारापूरला, 1969 पासून चालू. पण भुसावळहून सुरतच्या गाडीत बसा, नंदुरबार मागं पडलं की व्यारा येतं, तिथून जवळच गुजरातचं काकरापार अणुवीज केंद्र. आपलीच तापी तिकडं जाते (पाणी आपल्याकडून तिकडं वाहतं, तिकडून इकडं नाही, हे आधीच सांगतो कारण हा प्रश्न पण दर वेळी येतो). तिथं 220 मेगावॅटचे दोन जुने युनिट आणि 700 चे दोन नवे. 11 मार्च 2016 ला, म्हणजे जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताला बरोबर 5 वर्षं झाली त्याच दिवशी, एक नंबर युनिटमध्ये कूलंट चॅनलला (भट्टी थंड ठेवणाऱ्या नळीला) गळती झाली, प्लांटला इमर्जन्सी जाहीर करावी लागली, कोणाला इजा झाली नाही. आपल्याकडं केंद्राभोवती 16 किलोमीटरचा पट्टा इमर्जन्सी प्लॅनिंगसाठी धरतात, त्यात खान्देश येत नाही. तुम्हाला भीती घालून धंदा करायचा नाहीये आम्हाला.

मग ड्रिल कशाला? कारण सोर्स फक्त अणुभट्टीत नसतो. थर्मल प्लांटच्या बॉयलरची, पाइपलाइनची वेल्डिंग एक्सरेसारखी तपासायला इरिडियम-192 हा किरणोत्सर्गी सोर्स असलेले कॅमेरे वापरतात, कॅन्सरच्या दवाखान्यात सोर्स असतात, आणि हा माल ट्रकनं, जीपनं हायवेवरूनच जातो. भंगारवाल्यांनी तर हे नीट वाचा. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल 2010 मध्ये एका विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं मशीन भंगारात गेलं, आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60, भंगारात काम करणारा एक माणूस गेला. ब्राझीलच्या गोयानियात 1987 ला बंद दवाखान्यातलं कॅन्सरच्या उपचाराचं मशीन फोडलं, आतली किरणोत्सर्गी सीझियमची पूड अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी घरोघरी वाटली, 4 मेले, 249 जणांच्या अंगावर किंवा पोटात ती सापडली आणि लाखाच्या वर माणसं तपासावी लागली. किरणोत्सर्गाची तीन पाकळ्यांची खूण असलेला डबा दिसला तर हात लावू नका, लांब व्हा, 112 ला फोन.

आता मेन गोष्ट, आणि सगळी ड्रिल इथंच फिरते. किरण लागणं वेगळं आणि धूळ लागणं वेगळं. एक्सरे काढून आलेला माणूस जसा दुसऱ्याला एक्सरे देत नाही तसं नुसते किरण लागलेल्या माणसापासून तुम्हाला काही होत नाही. धूळ लागली असेल तर ती चिखलासारखी समजा, अंगावरनं काढता येते, पसरली तर दुसऱ्याला लागते, नाकातोंडातून आत गेली तर त्रास. आणि ती बहुतेक कपड्यांवर असते, कपडे आणि बूट काढले की 80-90 टक्के काम तिथंच होतं. म्हणून जखमी आला की आधी श्वास, रक्तस्राव, फ्रॅक्चर, बाकी सगळं त्याच्या मागून. डबल हातमोजे, मास्क, टोपी, गाऊन एवढं घातलं तर अशा पेशंटवर काम करताना स्टाफला मिळणारा डोस (अंगाला लागलेल्या किरणांचं माप) फार थोडा असतो. सोर्सचा धातूचा तुकडाच जखमेत अडकला असेल तर मात्र सावध, तो बोटानं नाही, लांब चिमट्यानं काढून शिशाच्या डब्यात.

हे ऐकून सगळे मान हलवतात, ड्रिलला उभे राहिले की विसरतात. एका दवाखान्यात (नाव सांगत नाही, आमचे जुने कस्टमर आहेत) आम्ही मांडीतून रक्त वाहतंय असा खोटा पेशंट आणला, टीमनं किरण मोजायचं मीटर फिरवलं, टिकटिक ऐकली आणि पाणी ओतायला लागले, अकरा मिनिटं धूत बसले. पट्टी कोणीच बांधली नाही. शेवटी पेशंट झालेला आमचा पोरगाच उठून बसला, "सर मी मेलो आता, चहा घेऊ का?" हसले सगळे पण त्यानंतरच्या राउंडला पट्टी दुसऱ्या मिनिटाला बांधली गेली. आणि गाडीवाल्यांचं ते "असला पेशंट आमच्या गाडीत नको भो", तेही एकदा स्वतः हात घालून बघितलं की निम्मं कमी होतं, लेक्चर देऊन होत नाही.

खरी धूळ आम्ही अर्थातच आणत नाही. कपड्यांना लावतात ती टिनोपालची पूड पेशंटच्या शर्टवर, हातावर लावतो, ड्रिल संपली की लाईट बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारतो आणि मग कळतं कुठं कुठं गेली ते. डॉक्टरांच्या मोबाईलवर, पेनवर, दाराच्या कडीवर, एकदा तर चहाच्या किटलीच्या दांड्यावर निघाली! मीटर शिकवायला रावेर-यावलच्या केळीवाल्यांकडचं पोटॅश खत पुरतं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये किंचित किरणोत्सर्गी पोटॅशियम-40 असतंच, मूठभर पुडीजवळ मीटरचा प्रोब (मोजणारं टोक) नेला की टिकटिक वाढते. आपली केळीसुद्धा त्याच कारणानं किंचित किरणोत्सर्गी, बिनधास्त खा, काही होत नाही.

ड्रिलमध्ये जमिनीवर प्लास्टिक अंथरून टेपनं एक रेघ मारतो, इकडं घाण, तिकडं स्वच्छ. रेघेवर पेशंट दुसऱ्या स्ट्रेचरवर घ्यायचा, पहिल्या स्ट्रेचरनं आणि त्या बुटांनी रेघ ओलांडायची नाही. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीनं कापायचे, घाण बाजू आत गुंडाळत पायाकडं न्यायचे, डबल पिशवीत, वर नाव आणि वेळ. प्रोब कातडीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब धरून हळूहळू, आपण फिरवतो तसा झाडूसारखा नाही. आधी जखम, सलाईननं धुवून वॉटरप्रूफ ड्रेसिंग, मग चेहरा आणि बाकीची कातडी, कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड. कडक गरम पाणी नको, ब्रश तर अजिबात नको, कातडी सोलली की तीच धूळ आत जाते. मीटर बॅकग्राउंडच्या (पेशंट नसताना मीटर दाखवतं त्या आकड्याच्या) दुपटीच्या आत आलं, किंवा धुवूनही कमी होईना, किंवा कातडी लाल व्हायला लागली, की थांबायचं.

कूलर बंद! हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. कोणत्याही पुस्तकात पंखा-एसी बंद करा एवढंच असतं पण आपल्याकडं उन्हाळ्यात दारातच डेझर्ट कूलर सुरू असतो, त्याचा झोत सरळ पेशंटवर आणि धूळ सगळ्या वॉर्डात. आता मे महिन्यात कूलर बंद आणि अंगावर तो प्लास्टिकचा ड्रेस म्हणजे स्टाफच आडवा पडतो, भुसावळचं ऊन काय सांगायचं तुम्हाला. म्हणून उन्हाळ्यातली ड्रिल आम्ही सकाळी नऊच्या आत संपवतो, टीम दर वीस मिनिटाला बदलतो, आणि खरं काही झालं तर ही बदली कोण सांभाळणार ते आत्ताच ठरवायला लावतो.

एक कागद मात्र कोणी भरत नाही आणि तोच सगळ्यात कामाचा. पेशंटला उलटी कधी झाली त्याची वेळ लिहा. अपघातानंतर तासा-दोन तासात उलट्या म्हणजे डोस मोठा असू शकतो. सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) लगेच आणि पुढचे दोन दिवस दर सहा-आठ तासांनी, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती वेगानं पडतात त्यावरून डोसचा अंदाज येतो, आणि सीबीसी चाळीसगावच्या कुठल्याही लॅबमध्ये होतं, त्याला मुंबई लागत नाही. नाकाच्या दोन्ही भोकांचे वेगवेगळे स्वॅब पण घ्या, आंघोळीच्या आधी.

आयोडिनच्या गोळ्या तुमच्याकडं मिळतात का, असा फोन येतो. नाही. पोटॅशियम आयोडाइड फक्त किरणोत्सर्गी आयोडिनवर आणि फक्त थायरॉइडसाठी, सीझियमला प्रशियन ब्लू नावाचं औषध लागतं, आणि कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं ठरवतील, मेडिकलवाला नाही, आम्ही पण नाही.

ड्रिलला साधारण तीन तास लागतात. तुमच्याकडनं फक्त दोन जुन्या चादरी, एक टब, अंधार करता येईल अशी खोली आणि रात्रपाळीचा स्टाफ पाहिजे, दिवसाचा स्टाफ सगळीकडं हुशारच असतो. गाडीच्या ड्रायव्हरला पण पाठवा, तोच आधी पोचणार आहे. तारखेसाठी पत्रकामागं शिक्का मारलाय त्या नंबरवर संध्याकाळी फोन करा, दुपारी आम्ही कुठंतरी प्लास्टिक अंथरत असतो.