दूध न पचणाऱ्यांसाठी कॅल्शियम : बेळगाव सीमाभागातील आहार

दुधातील लॅक्टोज ही साखर ज्यांना पचत नाही, त्यांनी दूध कमी करून किंवा पूर्ण सोडून शरीराला लागणारे कॅल्शियम कुठून, किती आणि कसे मिळवायचे, हा या नोंदीचा विषय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पश्चिमेला खानापूरच्या डोंगरी भागात भाताबरोबर नाचणी पिकते, पूर्वेला काळ्या रानात ज्वारी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच ज्वारीत २५ ते ३० आणि तांदळात १० च्या आसपास. त्यामुळे दूध सुटलेल्या माणसाचे कसे निभावेल, हे बरेचसे त्याच्या घरी भाकरी कशाची होते यावर ठरते.

रोजची गरज. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. २०१० च्या शिफारशीत हाच आकडा ६०० होता, म्हणून जुन्या तक्त्यांवर विसंबू नये. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १,२०० मिलिग्रॅम, १० ते १२ वर्षांच्या मुलांना ८५०. गाईच्या २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. दिवसाला दोन पेले दूध सुटले, तर भरून काढायची तूट साधारण पाचशेची असते.

न पचणे म्हणजे काय. लहान आतड्यात तयार होणारे लॅक्टेज हे विकर लॅक्टोज फोडते. जगातल्या बहुसंख्य माणसांत ते बालपणानंतर कमी होत जाते. आपल्याकडे हे सर्रास आहे आणि तो आजार मानण्याचे कारण नाही. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी ओढले जाते. अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगते, गुरगुरते, कळ येते, पातळ होते. जोरदार जुलाबानंतर काही आठवडे होणारा त्रास वेगळा, तो आतडे भरून आले की जातो. दुधाची ॲलर्जी त्याहून वेगळी: तिचे भांडण लॅक्टोजशी नसून दुधातल्या प्रथिनांशी असते, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास लागतो. तिथे खाली दिलेली थोड्या दुधाची, दह्याची मुभा मुळीच लागू नाही. निदानासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी आहे. ती जवळपास होत नसेल तर दोन आठवडे दूध व दुधाचे गोड पदार्थ बंद ठेवून मग एक पेला दूध रिकाम्या पोटी घेऊन पाहावे, खूण पटते.

आईच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधाहूनही जास्त, सुमारे ७ टक्के असते. म्हणून तान्ह्या बाळाला जुलाब झाले की ‘दूध पचत नाही’ म्हणत अंगावरचे तोडणे ही मोठी चूक.

दूध पूर्ण सोडावे लागते का? बहुतेकांना नाही. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, तेही जेवणासोबत, बऱ्याच जणांना सोसते. एक पेला दुधात ९ ते १० ग्रॅम असते, कपभर चहात घातलेल्या दुधात दोनेक ग्रॅम. चहा सोडून काही साधत नाही. देशी गाईचे, ए-टू म्हणून महाग विकले जाणारे दूध घेऊनही फरक पडत नाही, कारण त्यातला फरक प्रथिनाचा आहे, लॅक्टोज तेवढेच. शेळीच्या दुधात ते किंचितच कमी, म्हशीच्या दुधात किंचित जास्त.

दही हा खरा आधार. विरजणातले जंतू लॅक्टोजचा काही हिस्सा आधीच खातात आणि उरलेला फोडायला पोटातही मदत करतात. पण कढी उकळली की हे जंतू मरतात; म्हणून दही सोसणाऱ्या माणसाला कढीने त्रास झाला तर नवल नाही. गोड दही नको, अर्ध्या दिवसात लागलेले कच्चे दही नको. रात्रभर नीट आंबलेले घट्ट दही घ्यावे. १०० ग्रॅममध्ये १२० ते १५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ताकाचा मात्र उगाच गवगवा आहे. एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घालून केलेल्या ताकाच्या २०० मिलिलिटर पेल्यात ६० ते ७० मिलिग्रॅमच येते. तहान भागते, हिशेब भागत नाही. पनीर करताना लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो आणि कॅल्शियमचा बराच भाग मागे राहतो. ५० ग्रॅम पनीर दोनशेच्या घरात भर घालते. तूप-लोण्यात लॅक्टोज जवळजवळ नाही, कॅल्शियमही नाही. खव्यात आणि बेळगावच्या कुंद्यात उलट: दूध आटवले की पाणी जाते, साखर तिथेच राहते. ज्याला कपभर दूध चालते त्याचे पोट वाटीभर कुंद्याने बिघडू शकते, ते यामुळे. गोकाकचा करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा. त्याची भीती नाही.

लॅक्टोजविरहित दूध डब्यांत मिळते. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते गोडसर लागते. कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकेच. सोयादुधात मुळात कॅल्शियम थोडे असते. वरून घातलेले असेल तर वेष्टनावर आकडा छापलेला असतो, आणि ते तळाशी बसत असल्याने डबा जोरात हलवून ओतावे लागते.

नाचणी. दोन भाकरींना सुमारे १२० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे ४०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम एका जेवणात. पिठात चिकटपणा नसल्याने उकड काढावीच लागते. १५० मिलिलिटर पाणी मीठ घालून खळखळ उकळावे, पीठ एकदम ओतून उलथण्याच्या दांड्याने फिरवावे, विस्तव काढून पाच मिनिटे झाकावे, आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच मळावे. गार झालेली उकड थापताना कडेने फाटते. अथणी-रायबागकडे ज्वारीची सवय असलेल्या घरांत सरळ नाचणीवर उडी मारली तर चार दिवसांत कंटाळा येतो. ज्वारीच्या तीन वाट्यांत एक वाटी नाचणी, मग हळूहळू निम्मी, असे केले तर भाकरीचा रंग तेवढा बदलतो. १८० ग्रॅम निव्वळ ज्वारीतून जेमतेम पन्नास मिलिग्रॅम, निम्मे-निम्मे केले तर साडेतीनशेच्या जवळपास.

नाचणीतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या जुन्या कृतींनी ते कमी होते. मोडाच्या पिठासाठी नाचणी १२ तास भिजवून फडक्यात २४ ते ३६ तास बांधावी, सावलीत खडखडीत वाळवून मंद भाजून दळावी. इथे एक घोटाळा नेहमी होतो. सत्व म्हणून हेच वाटून वस्त्रगाळ करतात. नाचणीचे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात टरफलाच्या थरात असते आणि ते गाळात जाते. लहान बाळाला सत्व ठीक, पण मोठ्यांनी पीठ चाळू-गाळू नये.

ताक न सोसणाऱ्यालाही आंबील सोडायचे कारण नाही. तीन मोठे चमचे (३० ग्रॅम) पीठ एक वाटी पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. आंबटपणा तिथेच येतो. सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात हे मिश्रण ढवळत ओतून सात-आठ मिनिटे शिजवावे, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालावा, हवे तर दोन आमसुले. कोरडे पीठ गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात आणि आतून कच्च्या राहतात. अशा वाडग्यातून शंभर मिलिग्रॅम मिळते.

तीळ, कारळे आणि फसवे आकडे. तक्त्यात तिळापुढे १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅमच्या वर लिहिलेले दिसते आणि लोक हुरळून जातात. ते सालीसकट तिळाचे आहे. त्यातले पुष्कळसे सालीतल्या ऑक्झलेटशी जखडलेले असते आणि अंगी लागत नाही. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात आकडाच कितीतरी खाली येतो. शिवाय अख्खा तीळ दाताखाली फुटला नाही तर जसाच्या तसा बाहेर पडतो. भोगीच्या भाकरीवर लावलेले तीळ शोभेचे. भाजून कुटलेल्या तिळाची चटणी कामाची. कारळ्यात, म्हणजे कन्नडमधल्या गुरेळात, १०० ग्रॅमला सुमारे ३०० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, लसूण, मीठ घालून कुटावे. रोज दोन मोठे चमचे म्हणजे पन्नास-साठ मिलिग्रॅम. जास्त भाजले तर कडू होतात आणि मग घरात कोणी हात लावत नाही.

हुलगे इथे स्वस्त आणि दुर्लक्षित. ५० ग्रॅम हुलग्यांतून १३० मिलिग्रॅमच्या पुढे मिळते, तुरीच्या डाळीहून बरेच जास्त. माडगे, कट, उसळ कसेही. रात्रभर भिजवून पाणी बदलावे, मोड आणले तर उत्तम.

पालेभाज्यांत पालकाचे नाव सर्वांच्या तोंडी आणि काम सर्वांत कमी. त्यातल्या ऑक्झलेटमुळे पालकातील कॅल्शियमपैकी सुमारे ५ टक्केच शोषले जाते. दुधातले ३० टक्क्यांच्या आसपास. राजगिरा, माठ, चाकवत याच वळणाचे. मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला जास्त भरवशाचे. शेवग्याच्या ५० ग्रॅम पाल्यात दीडशे मिलिग्रॅमवर असते. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव भागात कोबी-फ्लॉवर अमाप पिकतो आणि फ्लॉवरचा कोवळा पाला जनावरांपुढे जातो. कोबीच्या कुळात ऑक्झलेट कमी असल्याने हा पाला खरे तर भाजीचा आहे. फवारणी झालेली असते, तेव्हा मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा धुवावा. कढीपत्त्याचा आकडा मोठा असला तरी फोडणीतल्या दहा पानांचे वजन दोन-तीन ग्रॅम, तीही आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

कारवार-गोव्याकडून येणारी सुकी मासळी काट्यासकट खाल्ली तरच उपयोगी. सुकट आणि बारीक सुके मासे सर्वांत चांगले; बांगड्याचे मांस काटा काढून खाल्ले तर हाती फारसे येत नाही. मीठ धुऊन काढावे, कारण लघवीतून सोडियम जाताना सोबत कॅल्शियम नेते: साधारण ६ ग्रॅम मिठामागे ४० मिलिग्रॅम.

पाणी आणि चुना. पूर्वेकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे कीटण धरते. ते पाणी चहा बिघडवते, पण त्यात कॅल्शियम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ७५ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. असे दोन लिटर पाणी दीडशे मिलिग्रॅम देते. आरओ यंत्र हे जवळजवळ सगळे काढून टाकते. खानापूरकडच्या पावसाळी झऱ्या-विहिरींचे पाणी मुळातच मऊ, तिथे हा हिशेब धरू नये.

‘गव्हाएवढा चुना रोज खा’ हा सल्ला मोबाइलवर फिरतो. गव्हाच्या दाण्याचे वजन ४०-५० मिलिग्रॅम. कोरड्या विरलेल्या चुन्यातही निम्म्याहून थोडेच जास्त कॅल्शियम असते, ओल्यात त्याहून कमी. म्हणजे फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅमसाठी तोंड आणि अन्ननलिका भाजण्याचा धोका पत्करायचा. तो चुना तंबाखूबरोबर जात असेल तर हाडांचे नुकसानच, कारण तंबाखू हाडे पोखरते.

ड जीवनसत्त्व. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम वाया जाते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते तयार करणारे किरण फार कमी असतात. आपली सावली उंचीहून आखूड असेल तेव्हाचे, म्हणजे साधारण १० ते ३ मधले ऊन हात, पाय, तोंडावर १५-२० मिनिटे घ्यावे. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. खानापूरच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. निपाणीत दिवसभर घरात बसून बिड्या वळणाऱ्या बायकांना तर वर्षभर ते लाभत नाही. त्यांना डॉक्टरांना विचारून पुरवणी घेणे भाग असते.

गोळ्या. एवढे करूनही तूट राहिली तरच. वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. एका वेळी ५०० हून जास्त नीट शोषले जात नाही, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. कार्बोनेट जेवणासोबत, आम्लपित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर कॅल्शियम सायट्रेट बरे, ते उपाशीपोटीही चालते. लोहाच्या गोळीपासून दोन तास, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास अंतर हवे. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या एकाच पुडीत हाती पडतात आणि ती दोन्ही एकदम गिळते. लोह सकाळी आणि कॅल्शियम दुपार-रात्रीच्या जेवणाला, असे सांगून द्यावे. मूतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये.

रक्तातील कॅल्शियम तपासून ‘नॉर्मल’ आले म्हणजे आहार पुरतो, असे होत नाही. रक्तातली पातळी शरीर हाडांतून काढून टिकवते. हाडे विरळ झाली आहेत का, हे डेक्सा तपासणीत कळते.

शाळेतील दूध. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना दूध पावडरीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध दिले जाते. सीमाभागातल्या मराठी शाळाही त्यात येतात. एवढ्या दुधात सात ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते, जे बहुतेक मुलांना सोसते. त्रास होतो तो उपाशीपोटी घटाघटा प्यायल्याने. घरून भाकरी खाऊन आलेले मूल तेच दूध पचवते. तरीही पोट दुखले तर आठवडाभर अर्धा पेला द्यावा, मग थोडे थोडे वाढवावे. शिक्षकांना आधी सांगून ठेवले तर पोराला पेला संपवायची सक्ती होत नाही. २०२४ पासून आठवड्यातले काही दिवस त्याच दुधात नाचणीचे मिश्रण मिसळतात, ते अशा मुलांनी टाळू नये.