दातांच्या अवघड उपचारांसाठी तज्ज्ञ विभागाकडे रेफरल: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

एखादा दात गेला तर कवळी, ब्रिज (शेजारच्या दातांना पक्का जोडलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) नेहमीच्या डेंटिस्टकडेही होते. पण जबड्यावर रेडिएशन झालेले असेल, टाळू जन्मतः दुभंगलेली असेल किंवा रुग्णाला खुर्चीत स्थिर बसणेच जमत नसेल, तर हे काम रुग्णालयातल्या तज्ज्ञ विभागाचे. तिथे सहसा थेट नाव नोंदवता येत नाही. डेंटिस्टने किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने रेफरल, म्हणजे शिफारस, पाठवावे लागते. त्याची पहिली छाननी बहुतेकदा रुग्णाला न बघता, कागदांवरूनच होते. म्हणून कागद नीट हवेत.

कोण पात्र

अक्कलदाढा सोडून सहा किंवा जास्त कायमचे दात जन्मतःच नसणे, इनॅमल (दातावरचे कडक आवरण) नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, अपघातात दातांसोबत हाडही जाणे, दात झिजून हिरडीलगत येणे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत टाळूचा भाग काढला असेल तर पाणी नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते. अशांना ते भोक बंद करणारी खास कवळी लागते. बौद्धिक अपंगत्व, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन अशा कारणांनी साध्या दवाखान्यात उपचार शक्य नसलेले रुग्णही यात येतात.

एरवी तब्येत ठणठणीत आहे, एक दाढ गेली आणि तिथे इम्प्लांट हवे, एवढ्यावर सहसा नकारच येतो.

वेळेबद्दल दोन गोष्टी. वाढत्या वयात इम्प्लांट टाळतात, कारण जबडा वाढत राहतो आणि इम्प्लांट जागच्या जागी अडकून शेजारच्या दातांच्या खाली राहते. म्हणून रेफरलही मोठेपणी पाठवू, असे मात्र करू नका. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांमध्ये हिरडीच्या फटीत हाड भरायची शस्त्रक्रिया सुळा येण्याआधी, साधारण 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान करतात.

डोके-मानेच्या कॅन्सरचे रेफरल तर रेडिएशन सुरू होण्याआधीच जायला हवे, 'तातडीचे' असे लिहून. जे दात वाचणार नाहीत ते आधी काढून जखम भरायला दोनेक आठवडे मिळाले तर उत्तम. नंतर तेच दात काढताना हाड मरण्याचा धोका असतो.

कागद

रेफरलचे पत्र, तारीख असलेला पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी), आजारांचा तपशील आणि औषधांची यादी. सगळ्यात जास्त घोळ या यादीतच होतो. लोक रोजच्या गोळ्या लिहितात, पण हाडे ठिसूळ होतात म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने घेतलेले इंजेक्शन 'औषध' म्हणून आठवतच नाही. डेनोसुमॅब किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडनंतर दात काढला तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, तेव्हा शेवटच्या डोसची तारीख लिहाच. मधुमेह असेल तर ताजा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी). रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

'रेडिएशन झाले आहे' एवढे पुरत नाही. कोणत्या भागाला किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचे एकक) मिळाले, हे कॅन्सर विभागाकडून लेखी घ्या. खालच्या जबड्याच्या मागच्या भागाला 60 ग्रे मिळाले आणि वरच्या पुढच्या भागाला जवळजवळ काहीच नाही, असे असू शकते. इम्प्लांट कुठे बसवायचे हे त्यावर ठरते. तोंड किती उघडते हेही मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. 35 च्या खाली असेल तर माप घ्यायचा ट्रे आत नेणेही अवघड जाते.

रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर संमती कोण देणार याचा कायदेशीर कागद जोडा. सोबत साध्या शब्दांत एक पान: कशाची भीती वाटते, कोणता आवाज सहन होत नाही, व्हीलचेअरवरून उठता येते का, फिट येतात का. फिट येणाऱ्यांना छोटी सुटी कवळी देणे टाळतात, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

पाठवण्याआधी आणि नंतर

किडलेले दात, हिरड्यांतून रक्त आणि तंबाखू, या तिन्हींचा बंदोबस्त आधी झालेला हवा (कॅन्सरच्या तातडीत यासाठी थांबू नये). नाहीतर रेफरल परत येते.

पुढे तपासणी, फोटो, मापे, लागल्यास सीटी. बरेचदा विभाग फक्त उपचारांचा आराखडा देतो आणि काम तुमच्याच डेंटिस्टकडे सोपवतो. हा नकार नव्हे. इम्प्लांट ठरले तर हाडात घट्ट व्हायला साधारण 3 ते 6 महिने जातात. दात रोज कोण साफ करणार, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी पक्क्या ब्रिजपेक्षा सांभाळणाऱ्याला काढून धुता येईल अशी कवळी माझ्या मते बहुधा बरी.

नकार आलाच तर कारण लेखी मागा, राहिलेला कागद जोडा आणि त्याच डेंटिस्टकडून रेफरल पुन्हा पाठवा.