दक्षिणी हिप-हॉप बीटनिर्मिती

दक्षिणी हिप-हॉप बीटनिर्मिती : अमेरिकेच्या दक्षिण भागातील मायामी, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स आणि अटलांटा या शहरांत घडलेल्या रॅप संगीतासाठी वाद्यरचना करण्याची आणि ती शिकण्याची पद्धती. रॅपच्या शब्दांखाली जे जे वाजते त्या सगळ्याला मिळून ‘बीट’ म्हणतात आणि ते रचणाऱ्याला बीटमेकर किंवा प्रोड्यूसर. चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या प्रोड्यूसरशी या शब्दाचा इथे काही संबंध नाही.

न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचा पाया जुन्या फंक आणि सोल तबकड्यांवरून उचललेल्या ड्रमच्या तुकड्यांवर उभा राहिला, तर दक्षिणेने यंत्राचा ठोका आपलासा केला. जपानच्या रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये बाजारात आले आणि सुमारे १२,००० नग विकले गेल्यावर १९८३ मध्ये बंद झाले. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नव्हता, म्हणून व्यावसायिक वादकांनी ते बाजूला सारले. पण त्यामुळेच ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि त्याच्या किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसारख्या ठोक्याचा, खोल, लांबत जाणारा घुमारा मायामीच्या डीजेंनी हेरला. मोटारींमध्ये मोठमोठे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, बसवण्याचा तिथला शौकही या घुमाऱ्याला मानवला.

पुढे प्रत्येक शहराने आपापली तऱ्हा काढली. मेम्फिसमध्ये डीजे पॉल आणि ज्यूसी जे यांनी घरगुती कॅसेटींवर काळोख्या, भयपटाची आठवण करून देणाऱ्या सुरावटी आणल्या. त्यांच्या थ्री सिक्स माफिया या गटाला २००६ मध्ये ऑस्कर मिळाले. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने तबकड्यांचा वेग उतरवून संगीत जड आणि सुस्त केले. न्यू ऑर्लिन्समध्ये मॅनी फ्रेशच्या रचनांत तिथल्या बँडपथकांची चपळाई उतरली. अटलांटात ऑर्गनाइझ्ड नॉइझ या त्रयीने खऱ्या बेस गिटारी आणि कीबोर्ड वाजवून घेतले. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एका घराचे मातीच्या जमिनीचे तळघर, ज्याला सगळे ‘डंजन’ म्हणत, आणि आउटकास्टसारखे गट तिथेच बसून तयार झाले. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार समारंभात प्रेक्षक हुर्यो उडवत असताना आउटकास्टच्या आंद्रेने दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, असे सुनावले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रसंग मानापुरता नाही, कारण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत रॅपची सर्वमान्य घडणच दक्षिणी झाली.

या घडणीचे आजचे ठळक रूप म्हणजे ट्रॅप. अमली पदार्थ विकले जाणाऱ्या घराला अटलांटाच्या बोलीत ‘ट्रॅप’ म्हणतात आणि त्यावरूनच या शैलीला नाव पडले. शिकणारा साधारणपणे मिनिटाला १४० ठोक्यांची लय लावून सोळा चौकटींच्या पट्टीपासून सुरुवात करतो. चार चौकटी मिळून एक ठोका होतो, म्हणून सोळा चौकटींचे एक आवर्तन सुमारे १.७ सेकंदांत पुरे होते. किक समेवर पडते आणि पुढे दोन-तीन आडवळणी जागी; क्लॅप मात्र नेमका नवव्या चौकटीत. त्रितालातही सोळाच मात्रा असतात आणि नवव्या मात्रेवर खाली येते. जिथे आपला हात टाळी न देता नुसता हवेत फिरतो, तिथेच ट्रॅपची सगळ्यात मोठी टाळी वाजते. आवर्तनात क्लॅप एकदाच असल्याने १४० ची लय कानाला ७० सारखी संथ वाटते आणि रॅपरला श्वास घ्यायला ऐसपैस जागा मिळते. संथपणातली ही पोकळी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, भरून काढते. ती एकाआड एक चौकटीत टिकटिकत राहते आणि मधेच दोन चौकटींच्या जागेत तीन, चार किंवा सहा ठोके घेऊन पुन्हा मूळ चालीवर येते. तबलजीची दुगुन-तिगुन ऐकलेल्या कानाला यात नवल वाटणार नाही. नवशिक्याची खोड अशी, की प्रत्येक आवर्तनात असा रोल टाकायचा; मग कुठल्याच रोलचे काही वाटेनासे होते.

खरी परीक्षा मात्र ‘एट-ओ-एट’ची, म्हणजे टीआर-८०८ च्या किकची. मूळ यंत्रात किकचा नाद किती लांबवायचा ते ठरवणारी खुंटी होती, पण सूर बदलण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्या किकचे ध्वनिमुद्रण (सॅम्पल) सॅम्पलर या ध्वनिमुद्रणे हव्या त्या सुरात वाजवणाऱ्या यंत्रात घालून ते वरखाली सुरांत वाजवण्याची युक्ती निघाली आणि ताल देणारे वाद्यच बेसची सुरावटही वाजवू लागले. गाणे पांढरी चारमध्ये, म्हणजे एफमध्ये असेल, तर खालचा षड्ज सुमारे ४४ हर्ट्‌झवर येतो. सॅम्पल या सुरात मिळवून न घेता वापरले, तर वरची सुरावट कितीही चांगली असली तरी सगळे बेसूर लागते. मागचा नाद संपायच्या आत पुढचा सुरू झाला, तर खालचा भाग चिखलासारखा होतो, म्हणून नवा ठोका आला की जुना तोडायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर केलेली घसरण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या मींडेच्या जवळची आहे आणि तीही जपून वापरावी लागते. मोबाइलच्या बारक्या स्पीकरला ४४ हर्ट्‌झ वाजवताच येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून नादाला थोडी विकृती देऊन ८८, १३२ अशी वरची स्वरके उमटवतात आणि तेवढ्यावरून कान मूळ सूर आपोआप जुळवून घेतो. वरच्या सुरावटी बहुधा मायनरमध्ये असतात आणि त्यांत कोमल रिषभ वारंवार डोकावतो.

शिकण्याचे साधन स्वस्त झाले ते बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीच्या फ्रूटीलूप्समुळे. १९९७ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरला २००३ मध्ये एफएल स्टुडिओ हे नाव मिळाले. त्यावरच काम करणाऱ्या व्हर्जिनियाच्या लेक्स लुगरने आपल्या बीट मायस्पेस या संकेतस्थळावरून वाका फ्लॉका फ्लेम या रॅपरला पाठवल्या आणि २०१० मध्ये त्याचे कर्कश ब्रास आणि धडधडते ड्रम सगळीकडे ऐकू येऊ लागले. सेंट लुइसच्या मेट्रो बूमिन या बीटमेकरला शाळकरी वयात त्याची आई मोटारीने अटलांटाला नेत असे. तो प्रवास सुमारे आठ तासांचा. झेटोव्हन हा बीटमेकर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आला आणि त्याची छाप त्याच्या पियानोवादनावर आहे. थोडक्यात, हे शिक्षण कुणाच्या तरी शेजारी बसून, आवडत्या बीटची जशीच्या तशी नक्कल करत आणि ती का साधत नाही हे शोधत होत आले आहे.

हल्ली ही नक्कल ‘टाइप बीट’ या नावाने उघडपणे विकली जाते. नेदरलँड्समधील यंगकिओने बांधलेली अशीच एक बीट अटलांटाच्या लिल नास एक्स या रॅपरने ३० डॉलरांना घेतली. तिच्यातील बँजो नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या २००८ च्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला होता आणि त्यावर उभे राहिलेले गाणे २०१९ मध्ये बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिले राहिले. सॅम्पलची रीतसर परवानगी नंतर घ्यावी लागली आणि नाइन इंच नेल्सच्या दोघांची नावे गीतकारांत आली.